तिजोरीच्या दोन किल्ल्या

‘माझं वय ६३. सातारा जिल्ह्यातल्या एका सहकारी बँकेत ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची १२ कॅशियर म्हणून. यजमान गेल्यावर मुलाने इकडे न्यू जर्सीत, एडिसनला आणलं. ग्रीन कार्डाला सहा वर्षं झाली. आता मुलगा-सून म्हणतात, सिटिझनशिपचा अर्ज भरून टाकू. इंग्रजी कामापुरतं येतं, त्याची फार भीती नाही. भीती आहे ती नागरिकत्वाच्या मुलाखतीतल्या त्या १२८ प्रश्नांची. मुलाने कागद छापून फ्रिजवर लावलेत. सकाळी पाठ केलेलं दुपारी विसरते. सेनेट कुठलं, हाउस कुठलं, कुणाची मुदत किती, सगळ्याचा काला होतो. नातू दहा वर्षांचा आहे, तो तोंडी परीक्षा घेतो आणि चुकलं की हसतो. परवा विचारलं, “आजी, प्रेसिडेंट एखाद्या कायद्याला नाही म्हणाला तर?” मी म्हटलं, “मग नाही व्हायचा.” तर म्हणतो, “चूक!” शाळेत नागरिकशास्त्र इतिहासाच्या शेपटाला बांधलेलं असायचं, तेव्हाही मी ते पाठच केलं होतं. या वयात हे डोक्यात कसं शिरवू? आणि अजून एक, घरात कुणाला बोलले नाही. आपला पासपोर्ट परत द्यायचा म्हटलं की पोटात कालवतं. नाव छापू नका.’

ताई,

फ्रिजवरचे कागद आधी खाली काढा. दूध काढायला गेलं तरी परीक्षा समोर, असं कुणाच्याही डोक्यात काही शिरत नाही. माझ्याही घरी असेच कागद लागले होते. तेव्हा यादी १०० प्रश्नांची होती आणि मी ती शंभरच्या शंभर पाठ केली होती. मुलाखतीच्या दिवशी समोरच्या बाईंनी विचारलं, काँग्रेसची, म्हणजे इथल्या संसदेची, दोन सभागृहं कोणती? माझ्या तोंडून ‘सेनेट अँड लोकसभा’ निघालं. बाईंनी मान वर करून पाहिलं, मी कानापर्यंत लाल झाले, मग सुधारलं. पाठांतराचं हे असंच असतं. एक टाका सुटला की अख्खी शिवण उसवते.

तुम्ही मात्र एक गोष्ट पत्रात सहज लिहून गेलात आणि तिथेच तुमची निम्मी तयारी झालेली आहे. बारा वर्षं कॅशियर. म्हणजे स्ट्राँगरूमची एक किल्ली तुमच्याकडे आणि दुसरी मॅनेजरकडे. दोन्ही लागल्याशिवाय तिजोरी उघडायची नाही. मॅनेजर देवमाणूस असला तरी नाही, दारात गिऱ्हाइकांची रांग असली तरी नाही. व्हाउचर एकाने लिहायचं, दुसऱ्याने पास करायचं, आणि वर्षाकाठी ऑडिटर येऊन दोघांचंही लिखाण तपासणार. ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ असं त्यात कुणी विचारत नाही. माणूस चांगला की वाईट हा मुद्दाच नसतो. एका हातात दोन्ही किल्ल्या द्यायच्या नाहीत, एवढंच.

अमेरिकेची राज्यघटना ही अशी जॉइंट कस्टडीची व्यवस्था आहे. तुमच्या कागदावरचे राज्यकारभाराचे बहुतेक प्रश्न ‘ही किल्ली कुणाकडे?’ एवढंच विचारतात. ते असे वाचायला लागलात की पाठांतर आपोआप कमी होईल.

ही घटना लिहिणारी माणसं इतकी संशयी का झाली, ते आधी बघू. ४ जुलै १७७६ ला तेरा वसाहतींनी इंग्लंडच्या राजाला, तिसऱ्या जॉर्जला, सोडचिठ्ठी दिली. तो जाहीरनामा मुख्यत्वे थॉमस जेफरसनने लिहिला. त्याच्या सुरुवातीचं ‘सर्व माणसं समान’ हे वाक्य सगळ्यांना माहीत असतं. पण त्याचा मधला मोठा भाग म्हणजे राजाविरुद्धच्या तक्रारींची जंत्री आहे. आमच्या संमतीशिवाय कर लावले, न्यायाधीशांना मुठीत ठेवलं, शांततेच्या काळात आमच्यात फौजा आणून ठेवल्या. दोन्ही किल्ल्या एकाकडे असल्या की काय होतं, हे त्यांनी सोसलेलं होतं.

मग ते दुसऱ्या टोकाला गेले. पहिली घटना केली तीत केंद्राला जवळजवळ कसलीच किल्ली नव्हती. काँग्रेस होती, पण तिला कर लावायचा अधिकार नव्हता. राज्यांकडे पैसे मागायचे, ते देतील तेव्हा घ्यायचे. प्रेसिडेंट नाही, केंद्राची न्यायव्यवस्था नावापुरती. युद्धाची कर्जं थकली. मॅसॅच्युसेट्समध्ये कर्ज आणि करांनी पिचलेले शेतकरी डॅनियल शेज नावाच्या जुन्या सैनिकाच्या मागे हत्यारं घेऊन उठले, त्यांनी कोर्टं बंद पाडली. केंद्राकडे त्यांना आवरायला फौज नव्हती. मग १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात ५५ माणसं जमली. बोलणं बाहेर फुटू नये म्हणून ऐन उकाड्यात दारं-खिडक्या लावून चार महिने भांडली. १७ सप्टेंबरला ३९ जणांनी नव्या घटनेवर सह्या केल्या. अध्यक्षस्थानी जॉर्ज वॉशिंग्टन होता.

सुरुवात ‘वी द पीपल’ या शब्दांनी आहे. त्याचा अर्थ परीक्षेत विचारतात. आपल्या घटनेची ‘आम्ही, भारताचे लोक’ ही सुरुवात तर तुम्हाला माहीत आहेच. अर्थ तोच. हे राज्य आम्हाला राजाने बहाल केलेलं नाही, आम्ही ते स्वतःसाठी उभं केलं आहे.

आता किल्ल्या. पहिली काँग्रेसकडे. ती कायदे करते आणि पैसे मंजूर करते. दुसरी प्रेसिडेंटकडे. तो कायद्यांची अंमलबजावणी करतो आणि सैन्याचा सेनापतीही तोच. न्यायालयाला तुमच्या बँकेतला ऑडिटर समजा. इकडचं-तिकडचं दोन्ही तपासायचं आणि नियमात न बसणारं रद्द करायचं. गंमत म्हणजे कायदा रद्द करण्याचा हा अधिकार घटनेत सरळ शब्दांत कुठे लिहिलेला नाही. १८०३ च्या मार्बरी विरुद्ध मॅडिसन या खटल्यात सुप्रीम कोर्टाने तो स्वतःकडे घेतला आणि तो तिथेच राहिला. न्यायमूर्ती नऊ, म्हणजे निकालाला पाच हवेत. नेमणूक प्रेसिडेंट करतो, पण सेनेटने होकार दिल्याशिवाय ती होत नाही. इथेही दोन सह्या आल्याच. त्यांना निवृत्तीचं वय नाही, नेमणूक तहहयात.

तुमच्या नातवाचा प्रश्न आता सोपा झाला. काँग्रेसने विधेयक मंजूर केलं आणि प्रेसिडेंटने नकार दिला, तर ते परत येतं. दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश मतं पडली तर त्याच्या नाकावर टिच्चून कायदा होतो. पोरगा बरोबर होता. तुमचीही फार चूक नाही, कारण तेवढी मतं क्वचित जमतात.

मुदतीसाठी दोन-चार-सहा एवढं ध्यानात ठेवा. हाउस ऑफ रिप्रेझेंटेटिव्हज दोन वर्षं, प्रेसिडेंट चार, सेनेटर सहा. यामागेही कारण आहे आणि यादीत तेही विचारलेलं आहे. हाउसचा सभासद लोकांच्या मनातलं जवळून ओळखणारा हवा, म्हणून त्याला दर दोन वर्षांनी दारात उभं केलं जातं. सेनेटने थोडं थंड डोक्याने चालावं म्हणून सहा. दर दोन वर्षांनी एकतृतीयांश जागांची निवडणूक होते. ओळखीचं वाटतंय ना? आपल्या राज्यसभेचंही असंच आहे. १९१३ च्या सतराव्या दुरुस्तीपर्यंत तर सेनेटरही लोक थेट निवडत नव्हते, राज्यांची विधिमंडळं निवडायची, आपले आमदार राज्यसभेसाठी मतं देतात तसे. अमेरिकेचा उपाध्यक्ष सेनेटचा अध्यक्ष असतो, आपले उपराष्ट्रपती राज्यसभेचे सभापती. या दोन जोड्या लक्षात राहिल्या की काला व्हायचा थांबेल.

एक ठिकाण मात्र असं आहे जिथे राज्यसभा डोक्यातून काढावी लागेल, आणि ते तुमच्या न्यू जर्सीशी बांधलेलं आहे. फिलाडेल्फियातलं सगळ्यांत मोठं भांडण सभागृहात कुणाला किती जागा, यावर झालं. व्हर्जिनिया मोठं राज्य. त्यांचं म्हणणं, लोकसंख्येप्रमाणे जागा द्या. लहान राज्यांच्या पोटात गोळा आला. तेव्हा न्यू जर्सीचा विल्यम पॅटरसन उभा राहिला आणि त्याने उलटी योजना मांडली. राज्य लहान असो की मोठं, प्रत्येकाचं मत सारखं. तुमच्याकडे पॅटरसन नावाचं शहर आहे ना, ते याच माणसाच्या नावाचं. आठवडेच्या आठवडे वाद चालला, बैठक मोडते की काय अशी वेळ आली. शेवटी कनेक्टिकटच्या मंडळींनी लावून धरलेली तडजोड १६ जुलैला निसटत्या मतांनी मान्य झाली. हाउसमध्ये लोकसंख्येप्रमाणे, सेनेटमध्ये प्रत्येक राज्याला दोन.

म्हणून आज हाउसमध्ये ४३५ आणि सेनेटमध्ये ५० राज्यांचे १००. कॅलिफोर्नियात जवळजवळ चार कोटी माणसं, वायोमिंगमध्ये सहा लाखही नाहीत, आणि दोघांचे सेनेटर दोन-दोन. आपल्या राज्यसभेत उत्तर प्रदेशचे ३१, महाराष्ट्राचे १९ आणि गोव्याचा एक. गोवेकरांनी पॅटरसनला डोक्यावर घेतलं असतं. हे न्याय्य आहे का, यावर अमेरिकेत आजही लोक हमरीतुमरीवर येतात. मला विचाराल तर मला ते खटकतं. पण ही तडजोड झाली नसती तर तेरा राज्यं एका कागदावर आली नसती, हेही खरं.

प्रेसिडेंटच्या निवडणुकीतलं विचित्र गणितही याच्याच पोटातलं. ४३५ अधिक १०० अधिक राजधानी वॉशिंग्टनची तीन, मिळून ५३८ इलेक्टोरल मतं. जिंकायला २७०. बहुतेक राज्यांत पुढे असलेल्याला त्या राज्याची सगळी मतं मिळतात. त्यामुळे देशभरात कमी मतं पडलेला माणूसही निवडून येऊ शकतो. सन २००० आणि २०१६ मध्ये ते आपण पाहिलं.

आता एक फरक नीट समजून घ्या, कारण आपल्याकडून आलेल्या माणसाचा घोटाळा बहुतेक इथेच होतो. मराठी वर्तमानपत्रं इथल्या प्रेसिडेंटला राष्ट्राध्यक्ष म्हणतात, राष्ट्रपती नाही, आणि ते योग्यच आहे. आपले राष्ट्रपती सही करतात, कारभार पंतप्रधान करतात. इथे दोन्ही एकच माणूस. शिवाय आपला पंतप्रधान लोकसभेच्या बहुमतावर उभा असतो. बहुमत गेलं की खुर्ची गेली. मंत्री झालेल्याला सहा महिन्यांत कुठल्या तरी सभागृहात निवडून यावं लागतं. इथे नेमकं उलट आहे. सेनेटर किंवा हाउसचा सभासद मंत्री झाला तर त्याला आधी जागा सोडावी लागते. काँग्रेस प्रेसिडेंटवर कितीही चिडली तरी अविश्वास ठराव आणून त्याला घरी पाठवू शकत नाही. महाभियोगाचा रस्ता आहे. हाउसने आरोप ठेवायचे, सेनेटने खटला चालवायचा आणि दोषी ठरवायला तिथे दोनतृतीयांश मतं हवीत. अँड्र्यू जॉन्सन, क्लिंटन आणि दोनदा ट्रंप यांच्यावर आरोप ठेवले गेले, पण तसं पदावरून आजवर कुणीही गेलेलं नाही. निक्सन गेले ते १९७४ मध्ये स्वतः राजीनामा देऊन.

मग कुठली पद्धत बरी? ज्यांचं नाव इंग्रजी शाळेच्या पटावर पहिल्यांदा तुमच्या साताऱ्यात चढलं आणि जे पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, त्या डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत याचा फार स्वच्छ हिशेब मांडला होता. सरकारकडून दोन गोष्टी हव्या असतात, ते टिकलं पाहिजे आणि त्याला रोजच्या रोज जाब विचारता आला पाहिजे. दोन्ही सारख्याच प्रमाणात देणारी पद्धत अजून कुणाला सापडलेली नाही. अमेरिकेच्या पद्धतीत स्थैर्य जास्त, जबाबदारी कमी. इंग्लंडच्या पद्धतीत जबाबदारी जास्त, स्थैर्य कमी. आपल्या मसुद्याने जबाबदारीला झुकतं माप दिलं. परीक्षेत हे कुणी विचारणार नाही. पण हे एकदा कळलं की उरलेल्या दहा-पंधरा प्रश्नांची उत्तरं आपणच तयार करता येतात.

दोन किल्ल्यांचा तोटाही सांगते, नाहीतर मी अमेरिकेची जाहिरात करते आहे असं वाटेल. दोन्ही किल्लीवाले हट्टाला पेटले तर तिजोरी उघडतच नाही. काँग्रेसने खर्चाला मंजुरी दिली नाही की सरकारी कचेऱ्या बंद पडतात, कर्मचाऱ्यांचे पगार अडकतात. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात ४३ दिवस हेच चाललं होतं, तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेलच. आपल्याकडे लोकसभेत अर्थसंकल्प पडला तर सरकारच पडतं. इथे सरकार पडत नाही, नुसतं ठप्प होतं.

राज्यं आणि केंद्र यांच्यातही किल्ल्या वाटलेल्या आहेत. नोटा छापणं, युद्ध पुकारणं, परदेशांशी तह हे केंद्राचं. शाळा, पोलीस, ड्रायव्हिंग लायसन्स हे राज्याचं. तुमचा मुलगा ज्या प्रॉपर्टी टॅक्सच्या नावाने दर तीन महिन्यांनी कपाळावर हात मारत असेल, तो गावाचा आणि शाळेचा. त्याचा वॉशिंग्टनशी संबंध नाही. आपल्याकडे यादीत न बसणारा विषय केंद्राकडे जातो. इथे दहाव्या दुरुस्तीप्रमाणे तो राज्यांकडे किंवा लोकांकडे राहतो. तुमच्या राज्याची राजधानी विचारली तर ट्रेंटन सांगा, नूअर्क नाही.

दुरुस्त्यांवर मी जरा रेंगाळणार आहे. एकूण २७. सव्वादोनशेहून अधिक वर्षांत एवढ्याच, कारण दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश आणि शिवाय ५० पैकी ३८ राज्यांचा होकार लागतो. आपण ७५ वर्षांत शंभरी ओलांडली. पहिल्या दहा १७९१ मध्ये एकदम आल्या. त्यांना बिल ऑफ राइट्स म्हणतात. फिलाडेल्फियात जॉर्ज मेसन नावाच्या गृहस्थाने सहीच केली नव्हती. या कागदात लोकांच्या हक्कांची यादी कुठे आहे, असं त्याचं म्हणणं. पुढे ती मागणी वाढत गेली आणि यादी जोडावी लागली. ती मंजूर करणारं पहिलं राज्य कोणतं? तुमचंच, न्यू जर्सी.

पहिल्या दुरुस्तीत पाच गोष्टी आहेत. धर्म, बोलणं, छापणं, जमणं आणि सरकारकडे दाद मागणं. पाचही बोटांवर मोजून ठेवा, एखादी तरी विचारतातच. शब्दरचना पाहण्यासारखी आहे. ‘लोकांना बोलायचा हक्क देत आहोत’ असं तिथे म्हटलेलंच नाही. ‘काँग्रेसने तो हिरावणारा कायदा करू नये’ असं बजावलं आहे. हक्क आधीचा, सरकार नंतरचं. आपल्या घटनेतही १९ व्या कलमात भाषणस्वातंत्र्य आहे, पण १९५१ च्या आपल्या पहिल्या दुरुस्तीने त्यावर सुव्यवस्थेसारखी आणखी कारणं दाखवून वाजवी निर्बंध घालायची सोय केली. दोन्ही देशांची पहिलीच दुरुस्ती, आणि दोघींची तोंडं दोन दिशांना. त्या दुरुस्तीमागे फाळणीनंतरची परिस्थिती होती, हे मी विसरत नाही. तरी फरक तो फरक.

सत्ताविसावीची गोष्ट नातवाला सांगा, तो हसायचा थांबेल. काँग्रेसने आपला पगार वाढवला तर ती वाढ पुढच्या निवडणुकीनंतरच लागू व्हावी, अशी दुरुस्ती १७८९ मध्येच पुढे आली होती आणि तशीच धूळ खात पडली. १९८२ मध्ये टेक्ससमधल्या एका विद्यार्थ्याने निबंध लिहिला की हिला मुदत घातलेली नाही, अजूनही मंजूर होऊ शकते. त्याला ‘सी’ ग्रेड मिळाली. पठ्ठ्याने चिडून राज्याराज्यांत पत्रं पाठवायला सुरुवात केली आणि १९९२ मध्ये ती दुरुस्ती घटनेत आली. पुढे विद्यापीठाने ती ग्रेडही बदलून ‘ए’ केली.

हे सगळं वाचताना एक काटा टोचत राहतो. ‘सर्व माणसं समान’ लिहिणाऱ्या जेफरसनच्या मालकीचे आयुष्यभरात सहाशेहून अधिक गुलाम होते. राजाच्या हातात किल्ली नको म्हणणाऱ्यांनी माणसांना बेड्या घातलेल्या होत्या. घटनेत हाउसच्या जागा मोजताना गुलाम माणूस तीनपंचमांश धरला गेला, मत मात्र त्याला शून्य. यादवी युद्धात लाखो माणसं मेली, तेव्हा कुठे १८६५ मध्ये तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी संपली. चौदाव्याने नागरिकत्व आणि कायद्याचं समान संरक्षण दिलं, पंधराव्याने वर्णावरून मत नाकारायला बंदी केली. ते मत प्रत्यक्षात पडायला मात्र १९६५ चा मतदान हक्क कायदा यावा लागला. १८७३ मध्ये पुण्यात एका माणसाने आपलं पुस्तक अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, कारण त्यांनी गुलामांना मुक्त केलं, आणि माझ्या देशबांधवांनीही शूद्रांना असं मोकळं करावं, अशी आशा व्यक्त केली. ते महात्मा फुले आणि पुस्तक ‘गुलामगिरी’. त्यांचं मूळ गाव कटगुण तुमच्याच जिल्ह्यातलं. यादीत गुलामगिरीवरचे प्रश्न आले की मला ती अर्पणपत्रिका आठवते. तुम्हीही आठवा, उत्तर चुकणार नाही.

आणि बायकांचं. एकोणिसावी दुरुस्ती, १९२०, हे तुम्ही पाठ केलंच असेल. पण न्यू जर्सीच्या १७७६ च्या घटनेत मतदाराला ‘रहिवासी’ म्हटलं होतं, पुरुष म्हटलं नव्हतं. पन्नास पौंडांची मालमत्ता हवी, ही मुख्य अट. लग्न झालेल्या बाईची मालमत्ता नवऱ्याची समजत, त्यामुळे विधवा आणि अविवाहित बायका मत द्यायच्या. तुम्ही राहता त्याच राज्यात, अठराव्या शतकात. १८०७ मध्ये पुरुषांनी कायदा करून तो हक्क काढून घेतला, काळ्या लोकांचाही त्याच कायद्याने. मिळालेली किल्ली परतही घेतली जाते.

आपली पाळी तर फार उशिरा आली. १७९० च्या कायद्याने नागरिकत्व फक्त ‘मुक्त गोऱ्या’ परदेशीयांना मिळायचं. भगतसिंग थिंड हा पंजाबी गृहस्थ अमेरिकी सैन्यात होता. त्याचा अर्ज सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९२३ मध्ये कोर्टाने सांगितलं, सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे तू गोरा नाहीस. काही भारतीयांचं आधी मिळालेलं नागरिकत्वही त्यानंतर काढून घेण्यात आलं. १९४६ च्या ल्यूस-सेलर कायद्याने आपल्याला नागरिक व्हायची मुभा दिली आणि वर्षाला शंभर भारतीयांना येऊ दिलं. दार सताड उघडलं ते १९६५ च्या कायद्याने. कंटाळा येईल तेव्हा हे आठवा. या मुलाखतीच्या खुर्चीत बसण्यासाठीच लोक कोर्टात भांडले होते.

आता कामाचं. २० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या अर्जांना १२८ प्रश्नांची नवी यादी लागते. तोंडी विचारतात, जास्तीत जास्त २०, त्यांतले १२ बरोबर हवेत. बारा झाले की तिथेच थांबतात, आणि नऊ चुकले तरीही थांबतात. इंग्रजीत तीनपैकी एक वाक्य वाचायचं, तीनपैकी एक लिहायचं. अर्जावरच्या गप्पाही इंग्रजीतच, बोलण्याची परीक्षा तीच. नापास झालात तर ६० ते ९० दिवसांत न आलेल्या भागासाठी पुन्हा बोलावतात. वय ५५ आणि ग्रीन कार्डाची १५ वर्षं झाली असतील तर इंग्रजीतून सूट मिळते आणि मराठी दुभाषा नेता येतो, पण तुमची सहाच झाली आहेत. प्रश्न कळला नाही तर ‘प्लीज रिपीट’ म्हणायला लाजू नका, मार्क कापत नाहीत. प्रेसिडेंट, गव्हर्नर, स्पीकर यांची नावं मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात ताजी करून घ्या, कारण जुने कागद जुनी नावं सांगतात. नातवाला परीक्षक ठेवाच, पण प्रत्येक उत्तरानंतर तुम्ही त्याला ‘का?’ विचारायचं. त्यालाही ते येत नसणार.

पासपोर्टचं तुम्ही शेवटी लिहिलंत, पण पत्र त्यासाठीच लिहिलं असावं, असा माझा अंदाज आहे. नागरिक होणं सक्तीचं नाही. ग्रीन कार्डावर आयुष्य काढणारी मंडळी खूप आहेत, फक्त भारतात फार लांब मुक्काम करता येत नाही. मुलगा-सून म्हणतात म्हणून घाई नको. शपथ घेतलीत की भारतीय कायद्याप्रमाणे तुमचं तिकडचं नागरिकत्व त्याच क्षणी संपतं. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. त्या पासपोर्टावर मग एकही प्रवास करायचा नाही. तो जमा करून नागरिकत्व सोडल्याचं प्रमाणपत्र घ्यायचं आणि मग ओसीआयचा, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या कार्डाचा, अर्ज. कार्ड हातात येईपर्यंत तिकीट काढू नका. ओसीआयवर हवं तेव्हा जाता येतं, राहता येतं, पण मत देता येत नाही आणि नवी शेतजमीन घेता येत नाही. सातबाऱ्यावर आधीपासून तुमचं नाव असेल किंवा वारसाने हिस्सा आला असेल तर तो राहतो. विकायची वेळ आली तर मात्र आधी तिथल्या वकिलाला विचारा.

आणि जमा केलेला पासपोर्ट ते ठेवून घेत नाहीत. रद्दचा शिक्का मारून परत देतात. माझा कपाटात आहे, पैठणीच्या घडीखाली. त्यातला फोटो मुंबईत दादरला काढलेला, त्यात मी चोवीस वर्षांची आहे.